सॅटेलाइटवरून मारलेल्या हाकेला पैसे लावावेत का?

कोलोरॅडोत शिकायला गेलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती मूळची साताऱ्याची, इथे असताना आमच्याबरोबर दोन-तीन मोहिमांना आलेली. तिच्या आयफोनवर मोबाइलची रेंज नसली तरी उपग्रहामार्फत मदत मागता येते. ही सोय फोन सुरू केल्यापासून दोन वर्षं मोफत, असं कंपनीने सांगितलं होतं. ती विचारते, "काका, मुदत संपल्यावर पैसे मागितले तर भरू का? आणि मुळात जीव वाचवायच्या संदेशाला पैसे घेणं बरोबर आहे का? माझ्या रूममेट म्हणतात, उपग्रह काय फुकट फिरतात?"

उपग्रह फुकट फिरत नाहीत, हे खरंच आहे. मी बावीस वर्षं सह्याद्रीत शोध-बचावाच्या कामात स्वयंसेवक आहे. पोटापाण्यासाठी वायरलेस यंत्रणा बसवतो आणि हॅम रेडिओचा परवाना बाळगतो. त्यामुळे खर्च कुठे होतो हेही मला दिसतं आणि संदेश न आल्यावर काय होतं हेही. माझं मत सरळ आहे. मदतीची पहिली हाक आणि त्या हाकेतून बचाव पथकाशी सुरू होणारं बोलणं, हे फोन चालू आहे तोपर्यंत मोफत असलं पाहिजे. त्याला मुदत नको, नोंदवलेलं कार्ड नको, मासिक प्लॅन नको. शिखरावरून मित्रांना "पोचलो" कळवायचं, गप्पा मारायच्या, फोटो पाठवायचे, त्याचे पैसे कंपनीने खुशाल घ्यावेत.

असं का म्हणतो, ते एका रात्रीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वीची जुलैतली गोष्ट. सहा कॉलेजची मुलं किल्ल्यावरून उतरताना वाट चुकली आणि भलत्याच नळीत, म्हणजे उभ्या अरुंद घळीत, शिरली. एकाचा पाय घोट्यापाशी मोडला. सहापैकी पाच फोनना रेंजच नव्हती. सहाव्या फोनवर सोंडेच्या टोकाशी गेलं की एक काडी यायची, पण त्या नंबरचा रिचार्ज दोन दिवसांपूर्वी संपला होता. तो मुलगा तासभर पावसात उभा राहून भावाला, मित्राला फोन लावत होता आणि दर वेळी पॅक संपल्याची तीच टेप ऐकत होता. ११२ ला रिचार्ज लागत नाही हे त्याला माहीत नव्हतं. त्या अवस्थेत ते आठवेल अशी अपेक्षाही मी करत नाही. शेवटी दुसरा एक जण धडपडत खालच्या वाडीत पोचला. तिथून आमच्यापर्यंत निरोप आला तो एवढाच: "धबधब्याच्या वर नळीत अडकलेत, एकाचा पाय मोडलाय." ज्या वाटेने तो पोरगा उतरला होता ती त्याला अंधारात परत सापडेना.

त्या सोंडेच्या दोन्ही अंगांना पावसाळ्यात अकरा धबधबे असतात. मला आकडा पाठ आहे, कारण त्या रात्री आम्ही त्यातले सात पालथे घातले. धुकं इतकं की हेडलाइटचा झोत दोन हातांवर अडायचा. शिट्टी वाजवावी तर पाण्याच्या आवाजात विरून जायची. आमचाच एक जण शेवाळलेल्या कातळावरून घसरला. रोप होता म्हणून निभावलं. पहाटे पावणेसहाला पाय मोडलेला मुलगा सापडला तेव्हा थंडीने त्याची बोटं मिटत नव्हती. रात्री साडेअकराला आमच्या पहिल्या तुकडीने जिथून माघार घेतली होती, तिथून तो सरळ रेषेत जेमतेम चारशे मीटरवर होता. स्ट्रेचरवर बांधून त्याला वाडीत आणायला अडीच तास लागले. शोधायला त्याच्या दुपटीहून जास्त.

लोक म्हणताना "शोध आणि बचाव" असं एका दमात म्हणतात, पण पथकाला थकवणारा, धोक्यात घालणारा भाग बहुतेक वेळा शोधाचाच असतो. अक्षांश-रेखांशाची एक ओळ हातात असती तर त्या रात्री एकोणीस माणसांऐवजी आठ माणसं लागली असती आणि ती नेमक्या जागी गेली असती. म्हणून मला हा संदेश अडकलेल्या माणसाने विकत घ्यायची सेवा वाटतच नाही. त्या संदेशाची सगळ्यात जास्त गरज शोधणाऱ्यांना असते. तो आला नाही तर त्याची किंमत पथक मोजतं, पोलीस मोजतात, वाडीतले वाटाडे मोजतात. अडकलेला माणूस तर मोजतोच. ज्या माहितीचा फायदा इतक्या जणांना होतो, तिचा दरवाजा एकाच माणसाच्या क्रेडिट कार्डाला का बांधून ठेवायचा?

आणि मासिक वर्गणीचा खरा दोष पैशाच्या रकमेत नाही. जो विचारपूर्वक वर्गणी भरतो तो तयारीचा माणूस असतो. त्याच्याकडे जास्तीची बॅटरी असते, नकाशा असतो, घरी निरोप असतो. अडकतो तो बहुधा दुसराच. तो अडकणार आहे असं त्याला सकाळी वाटलेलं नसतं. अमेरिकेतलं एक उदाहरण घे. १३ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या अँजेलस नॅशनल फॉरेस्टमध्ये एका जोडप्याची गाडी रस्त्यावरून सुमारे ३०० फूट खाली घळीत गेली. तिथे रेंज नव्हती. फोनने उपग्रहामार्फत संदेश पाठवला, स्थानिक बचाव पथक आणि शेरीफचं, म्हणजे तिथल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीस प्रमुखाचं, हेलिकॉप्टर आलं, दोघंही वाचली. ती गिर्यारोहणाला निघालेली नव्हती, गाडीने चालली होती. गाडीने जाणारा माणूस डोंगरातल्या संपर्काची वर्गणी कशाला भरेल? त्याच महिन्याच्या सुरुवातीला अलास्कात नूर्विकहून कॉट्झब्यूला स्नोमोबाइलवर निघालेला माणूस बर्फात अडकला आणि तोही याच सोयीने सापडला. ६२ अंश अक्षांशाच्या वर संदेश जाईलच असं नाही, असा इशारा कंपनीनेच दिला आहे, आणि कॉट्झब्यू तर आर्क्टिक वृत्ताच्याही वर आहे. तरी तो पोचला.

आता खर्चाकडे येतो, कारण तो टाळून उपयोग नाही. ॲपलचे संदेश ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवरून जातात. ते सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. २०२२ मध्ये ॲपलने या यंत्रणेसाठी ४५ कोटी डॉलर दिले. २०२४ च्या नोव्हेंबरात आणखी १५० कोटी डॉलरची बांधिलकी झाली, त्यातले ४० कोटी ग्लोबलस्टारमधल्या २० टक्के हिश्शासाठी. खाली जमिनीवरची केंद्रं आहेत. जिथलं ९११ केंद्र (९११ म्हणजे तिकडचा ११२) मजकुराचा संदेश घेऊ शकत नाही, तिथे मध्ये बसून तो संदेश वाचणारी आणि फोन करून पुढे सांगणारी प्रशिक्षित माणसं आहेत, दिवसरात्र. माझ्या मते दीर्घकाळ चालणारा खरा खर्च या माणसांचा आहे. उपग्रह एकदा वर गेला की एका संकट संदेशाने त्याच्यावर पडणारा बोजा नगण्य असतो. प्रश्नांची उत्तरं ठरावीक पर्यायांतून घेतात आणि मजकूर दाबून लहान करतात, म्हणून मोकळ्या आकाशाखाली तो पंधरा सेकंदांत जाऊ शकतो. झाडी असेल तर काही मिनिटं लागतात. हीच यंत्रणा गप्पांसाठी, फोटोंसाठी खुली केली की मात्र क्षमता लागते, नवे उपग्रह लागतात. मोठा पैसा तिकडे जातो, तर वसूलही तिथूनच व्हावा. संकटाच्या संदेशाला वर्गणीच्या गठ्ठ्यात घालणं म्हणजे रुग्णवाहिकेचा रस्ता टोलच्या आत घेणं.

हा विचार माझ्या डोक्यातून निघालेला नाही, समुद्रावरच्या माणसांनी तो शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. बिनतारी संदेश नवीन होते तेव्हा मार्कोनीच्या कंपनीचं धोरण असं होतं की त्यांच्या केंद्रांनी दुसऱ्या कंपनीची यंत्रं असलेल्या जहाजांशी बोलायचं नाही. त्यावरून इतकी खळखळ झाली की बर्लिनमध्ये १९०३ ला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि १९०६ च्या करारात लिहिलं गेलं की जहाजाकडून आलेल्या संकटाच्या हाकेला प्रत्येक केंद्राने सर्वांत आधी उत्तर द्यायचं. यंत्र कुणाचं आहे हे विचारायचं नाही. एसओएस ही खूणही त्याच करारातली.

उपग्रहांच्या काळातही तेच झालं. कॉस्पास-सारसॅट नावाची यंत्रणा आहे. १९७९ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन भरात, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या चौघांनी ती उभारायचं ठरवलं. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाचा, १९८२ च्या जूनमध्ये गेला. त्याच सप्टेंबरात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पडलेल्या छोट्या विमानातले तिघे त्याच्या मदतीने वाचले. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या देशांना हे जमलं! तुझ्या कमरेला लावता येतो तो पीएलबी, म्हणजे खिशातला संकट-बीकन, याच यंत्रणेशी बोलतो: ४०६ मेगाहर्ट्झवर, साधारण दर पन्नास सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा एक ठोका. यंत्र एकदा विकत घ्यायचं, नोंदणी करायची, ठरलेल्या वर्षांनी बॅटरी बदलायची. वर्गणी नाही. वरचे उपग्रह आणि खालची केंद्रं देशोदेशींची सरकारं चालवतात. भारताचं नियंत्रण केंद्र इस्रोकडे, बंगळुरूला आहे. या यंत्रणेच्या मदतीने जगभरात पन्नास हजारांहून जास्त माणसं वाचली आहेत. मोफत हाकेचा हिशेब चार दशकं जमतोय, तर फोनच्या बाबतीत तो जमणार नाही हे मला पटत नाही.

यावर बचावाच्या कामातलेच काही जण म्हणतात, फुकट केलं की लोक पाय दुखले म्हणून बटण दाबतील. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण खोट्या हाकेला धावताना खरी हाक मागे पडते. पण बीकनचा अनुभव पाहा. तिथे येणाऱ्या इशाऱ्यांत चुकून वाजलेलेच जास्त असतात. त्यावर उपाय निघाला तो नोंदणीचा. बीकन वाजला की नियंत्रण केंद्र नोंदलेल्या नंबरवर फोन करतं, घरचे सांगतात की तो बॅगेत भरताना दाबला गेला, आणि हेलिकॉप्टर उडतच नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात कोलोरॅडोच्या समिट काउंटीत स्कीइंग करणाऱ्यांचे फोन पडल्या-आपटल्यावर अपघात झाला असं समजून आपोआप ९११ ला कळवायला लागले. केंद्रातली माणसं हैराण झाली. तिथेही दोष फुकटपणाचा नव्हता, फोनच्या समजुतीचा होता. शिवाय वर्गणी भरलेल्या माणसाला "मी पैसे मोजलेत" हा हक्क वाटायला लागतो, ही भीती मला उलट जास्त वाटते. चाळणी लावायची तर प्रश्नांची लावा. काय झालं, किती जण, शुद्धीवर आहेत का, चालता येतं का. ती चाळणी फोनमध्ये आधीच आहे.

मग पैसे द्यायचे कुणी? याचं उत्तर तुझ्या कोलोरॅडोतच सापडतं. तिथली बचाव पथकं प्रामुख्याने स्वयंसेवकांची आहेत आणि सुटका केल्याचं बिल देत नाहीत. तरी दोर, गाड्या, प्रशिक्षण यांना पैसा लागतोच. शिकार-मासेमारीच्या प्रत्येक परवान्यावर २५ सेंट बचाव निधीला जातात. २०२३ पासून गाडीच्या नोंदणीबरोबर २९ डॉलरचा कीप कोलोरॅडो वाइल्ड पास असतो, नको असेल तर नाकारता येतो, त्यातलाही वाटा या पथकांना मिळतो. म्हणजे डोंगराशी संबंध येणाऱ्या सगळ्यांनी आधी थोडं थोडं द्यायचं, आणि हाक आली की पैशाचा विषय काढायचा नाही. फोनलाही हेच लागू होतं. हँडसेटच्या किमतीत ही रक्कम धरा, कोट्यवधी फोनांवर ती वाटली जाईल. न्यू हॅम्पशायरमध्ये वेगळी रीत आहे, तिथे निष्काळजीपणा ठरला तर सुटकेचं बिल येतं. अमेरिकेच्या माउंटन रेस्क्यू असोसिएशनचा अशा बिलाला विरोध आहे आणि त्यांचं कारण आमच्या इथल्यासारखंच आहे: पैशाच्या भीतीने माणूस हाक उशिरा मारतो. दुपारी तीनला आलेली हाक उजेडात सुटते. संध्याकाळी सातला आली की ती रात्रीची मोहीम होते.

बाजारही हळूहळू इकडेच सरकतोय, याचं मला समाधान आहे. ॲपलने दोन वर्षांची मुदत संपत आली की ती वाढवली, आधी २०२३ मध्ये आणि मग आयफोन १४ व १५ साठी पुन्हा २०२५ मध्ये. गुगलनेही पिक्सेल ९ ला दोन वर्षं मोफत दिली. टी-मोबाइल या तिकडच्या मोबाइल कंपनीने स्टारलिंकच्या उपग्रहांवर चालणारी सेवा २०२५ च्या जुलैत महिना १० डॉलरला आणली आणि त्याच वर्षी तिच्यातला ९११ ला मजकूर पाठवण्याचा भाग इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही मोफत केला. फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. हाक मोफत, बाकीचं विकत, ही वाटणी धंद्याला परवडते हे यातून दिसतं. पण "मुदतवाढ" या शब्दाने माझं समाधान होत नाही. मुदत वाढवणारा उद्या ती थांबवूही शकतो. अमेरिकेत प्लॅन नसलेल्या मोबाइलवरूनही ९११ लावता आला पाहिजे, असा नियम आहे. कंपन्यांच्या मर्जीवर तो सोडलेला नाही. उपग्रहावरच्या हाकेलाही तसाच नियम हवा.

इथल्या वाचकांसाठी थोडं. ही फोनवरची सोय भारतात सुरू नाही. २६/११ च्या हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरले होते, त्यानंतर आपल्याकडे थुराया, इरिडियम या कंपन्यांच्या सॅटेलाइट फोनवर कडक बंदी आली. परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला गार्मिनचं इनरीच, म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, बॅगेत सापडलं म्हणून ताब्यात घेतलं होतं. तिकडे ते दुकानात कुणालाही मिळतं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा. सुरक्षेची काळजी मी समजू शकतो. पण आपल्याच देशाने मच्छीमारांच्या बाबतीत योग्य तेच केलंय. ओखी वादळात, २०१७ ला, किती बोटी इशारा न पोचल्याने खोल समुद्रात राहिल्या! ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये ज्या योजनेचं उद्घाटन झालं तिच्यात एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर मोफत बसवायचे आहेत. त्यातून किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी संदेश जातात. डहाणू-सातपाटीच्या तांडेलाला जे सरकार मोफत देऊ शकतं, ते उद्या हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गुराख्याला आणि २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली त्या रात्री तळियेत होते तशा माणसांनाही मिळायला हवं. उपग्रह सेवेचे परवाने आपल्याकडे आता दिले जात आहेत, स्पेक्ट्रमचा दर ठरतोय. ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपनीच्या उत्पन्नाच्या ४ टक्क्यांची शिफारस केली आहे. संकटाची हाक कुणाच्याही फोनवरून मोफत घेतली जाईल, ही अट परवान्यात घालायची वेळ आत्ताच आहे. सेवा सुरू होऊन दरपत्रक छापलं गेलं की ते काम दसपट अवघड होतं. खर्चासाठी डिजिटल भारत निधी, म्हणजे दुर्गम भागात दूरसंचार पोचवण्यासाठीचा सरकारी निधी, आहेच.

आता तुझा पहिला प्रश्न. पैसे मागितले तर भर. माझं मत काहीही असो, नियम बदलेपर्यंत तू वाऱ्यावर राहू नकोस. १४ हजार फुटी शिखरं दर आठवड्याला करत असशील तर एक पीएलबीही घे, फोनची बॅटरी थंडीत पटकन बसते. पण ते इकडे येताना बॅगेत टाकू नकोस. फोनमध्ये या सोयीचा सराव करायचा पर्याय आहे, तो घरामागच्या मोकळ्या मैदानात दोनदा करून बघ. उपग्रह कुठे आहे ते फोन सांगतो, तसं वळायचं, झाडाखालून बाहेर यायचं. थरथरत्या हातांनी हे पहिल्यांदा करायला नको. मेडिकल आयडीत रक्तगट आणि ॲलर्जी भर. आणि तातडीच्या संपर्कात आईचं नाव आहे ना, त्याच्या जोडीला रूममेटचंही घाल. तिकडे शोध काउंटीच्या शेरीफकडून सुरू होतो, आणि पहाटे तीनला त्यांचा पहिला प्रश्न असतो की गाडी कुठल्या ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते त्या जागी, लावली आहे. ते साताऱ्यात बसलेल्या आईला सांगता येणार नाही, रूममेटला येईल.